ढोल वगळता थेट प्रक्षेपण

मी आयुष्यात ढोलाला कधी हात लावलेला नाही. ताशाची काडी एकदाच धरली, तीही कोणाची तरी खाली पडली म्हणून उचलून देण्यापुरती. पण घाटंजीत दुर्गोत्सवाच्या अष्टमीला होणारी ढोल-ताशाची स्पर्धा गेली एकतीस वर्षं मी न चुकता ऐकत आलोय. माझं स्पष्ट मत आहे, की वाजवणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला जास्त अक्कल लागते. वाजवणारा आपल्यापुरतं वाजवतो. ऐकणाऱ्याला साठ जणांचं ऐकावं लागतं, त्यातला कोण चुकला ते ओळखावं लागतं, आणि शेजारचा माणूस भलत्या जागी टाळी वाजवत असेल तर त्याच्याकडे रागानं पाहावंही लागतं. हे काम मी बिनपगारी केलं. पंचायत समितीतलं काम पगार घेऊन केलं. दोन्हींपैकी कोणतं मन लावून केलं, हे माझ्या वरिष्ठांना विचारा.

आता काळ बदलला हे मलाही दिसतं. पूर्वी पथक मैदानात यायचं, वाजवायचं, घाम पुसायचं आणि जायचं. हल्ली पथक मैदानात 'सादर' होतं. त्याला विषय लागतो. मागच्या वर्षी एका पथकानं पाणीटंचाई सादर केली. अर्धे ढोलवाले तहानेनं जमिनीवर पडले आणि उरलेल्या अर्ध्यांनी वाजवलं. मी म्हटलं, अरे, पडलेल्यांचे ढोल तरी उभ्यांना द्या! लोकांनी मात्र टाळ्या वाजवल्या आणि मोबाईल वर धरले. माझ्यापुढे एवढे मोबाईल, की स्पर्धा मी लोकांच्या पडद्यांतूनच पाहिली.

गावातला केबलवाला पूर्वी ही स्पर्धा अख्खी दाखवायचा. आता म्हणतो, बसून पाहणारं कोणी उरलं नाही. पथकंच इंटरनेटवरच्या आपापल्या पानावर अर्ध्या मिनिटाचे तुकडे टाकतात. अर्ध्या मिनिटात तर ताशा तापतही नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण नवरात्र लागायच्या आधी मला मारेगावहून उकंडाभाऊंचा फोन आला.

उकंडाभाऊ म्हणजे आमच्या भागातला ताशा. वय पंचाहत्तर. त्यांच्या दोन काड्या चालू झाल्या की वरातीतला घोडासुद्धा समेवर पाय टाकायचा. उन्हाळ्यात ते पडले, कमरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून मारेगावला मुलीकडे, शीलाकडे, खाटेवर होते. त्यांची नात निकिता इथं घाटंजीत साठ जणांचं पथक चालवते. ताशा आजोबांकडूनच शिकली. पण यंदा तिनं पथकात काहीतरी नवीन बसवलं आणि आजोबा तिला म्हणाले, “हे वाजवनं नाई, नाटक हाय.” त्यावर ती म्हणाली, “आबाजी, आधी पुरं आयका तं सही.” त्यानंतर दोघं चार महिने बोलले नव्हते.

“इठ्ठल,” उकंडाभाऊ फोनवर म्हणाले, “पोरगीनं काय बसवलं थे मले पुरं आयकाचं हाय. शीला मोबाईलवर तुकडे दाखवते. तुकड्यात काय समजते? तुह्या कानावर माह्या भरोसा हाय.”

एखाद्या गवयाला राजानं दरबारात बोलवावं तसं मला झालं. मी म्हटलं, “भाऊ, काळजी करू नका. अख्खी स्पर्धा तुमच्या खाटेवर पोहोचवतो. थेट.”

फोन ठेवल्यावर पत्नीनं, कोकिळेनं, विचारलं, “थेट म्हंजे कसं?”

“थेट प्रक्षेपण. माझ्या मोबाईलवरून.”

“काल तुमच्या मोबाईलवरून मले फोन लागला. तुम्हाले मालूम होतं का?”

मी तिकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या कामाची सुरुवात अशा प्रश्नांनी करायची नसते.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या इंदूबाईंनी सुचवलं, की मध्ये मध्ये देवीची आरतीही दाखवा आणि आरती त्या स्वतः म्हणतील. शेजारचे धरमसिंग एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि जगातल्या प्रत्येक यंत्राकडे ते इंजिन म्हणूनच पाहतात. त्यांनी माझा मोबाईल उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “आवाज खराब येईन. गर्दी रायते तठी. कॉलरचा माईक घ्या, भाऊ.”

म्हणून आम्ही बाबुलालच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. त्यानं मला अंगठ्याएवढा माईक दाखवला. शर्टाला अडकवायचा, वायर नाही, काही नाही. त्यावर एक हिरवा दिवा होता.

“हा हिरवा लागला का आवाज एकदम साफ,” बाबुलाल म्हणाला. “आजूबाजूचा कचरा गायब.”

मला कचरा गायब होणं फार पसंत पडलं. इतकं, की मी त्याला दिवा कायमचा हिरवाच करून द्यायला सांगितलं.

यानंतर परवानगी. खरं तर ती लागतच नव्हती. मैदानातले चार हजार लोक मोबाईल वर धरतात, त्यांना कोण विचारतं? पण मी छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. परवानगीशिवाय केलेल्या कामात मला चव लागत नाही. म्हणून मी एका कार्यालयात गेलो. कोणत्या ते सांगत नाही, तिथल्या चहावाल्याशी अजून माझे संबंध आहेत.

तिथं सुरभी मॅडम बसल्या होत्या. माझा अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

“काका, 'थेट प्रक्षेपण' असा आमच्याकडे प्रकारच नाही जी. मिरवणूक हाय, लाऊडस्पीकर हाय, प्रचारसभा हाय.”

“प्रचारसभेत टाका.”

“मंग पक्ष लिहा लागन.”

“माझा पक्ष ताशाचा.”

त्या हसल्या नाहीत. मला त्यांचा आदर वाटला, मीही नोकरीत असताना हसत नसे. शेवटी त्यांनी संगणकात शोधून शोधून 'चित्रीकरण' हा शब्द असलेला एकमेव नमुना काढला. तो ड्रोनचा होता.

“हाच भरा. शब्द तं आहे ना त्यात?”

मी भरला. यानाचं वजन: मोबाईलचं लिहिलं. उड्डाणाची उंची: साडेपाच फूट. चालकाचा अनुभव: एकतीस वर्षं. यान उतरण्याचं ठिकाण: राहतं घर. दोन दिवसांत सही-शिक्क्यासह परवानगी हातात आली. नोकरीत असताना माझ्या टेबलावरून कोणताही कागद इतक्या वेगानं गेला नव्हता, हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो.

अष्टमीला दुपारी दोन वाजता मी आणि धरमसिंग बाजाराच्या मैदानात हजर. ऊन असं, की ढोलाचं कातडं आपोआप चढावं. घरी आमच्या टीव्हीवर माझं प्रक्षेपण लावून कोकिळा, इंदूबाई आणि गल्लीतल्या सात-आठ जणी बसल्या होत्या. मारेगावला उकंडाभाऊंच्या खाटेशी शीलानं मोबाईल उभा करून ठेवला होता. मी स्टँड उघडला, मोबाईल लावला, माईक कॉलरला अडकवला. हिरवा दिवा लागला.

तेवढ्यात एक हवालदार आले. मी मोठ्या ऐटीत परवानगी पुढे केली. त्यांनी ती वाचली, मग आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ड्रोन कोठी हाय?”

“हाच तो,” मी मोबाईलकडे बोट दाखवलं.

“हा तं जमिनीवर हाय.”

“हो, उंची साडेपाच फूट.”

“काका, परवानगी हवेतली हाय. जमिनीवर स्टँड लावाची नाई. लोकाईच्या पायात येते थो. उचला.”

मी त्यांना नियमाचा अर्थ समजावून सांगू लागलो. कागदावर जे लिहिलंय ते आणि कागदामागचा हेतू यातला फरक. हवालदार म्हणाले, हेच त्यांच्या वडिलांना एका कार्यालयातल्या बाबूनं कधी समजावलं नव्हतं, घराचा फेरफार तीन वर्षं अडला होता. ते बाबू कुठल्या कार्यालयातले, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. मी स्टँड उचलला.

धरमसिंगनी मार्ग काढला. मंडपवाल्याकडे एक लांब वेळू पडला होता. त्यांनी मोबाईल वेळूच्या टोकाला सुतळीनं करकचून बांधला आणि वेळू दोन्ही हातांत धरून उभा केला.

“आता हवेत हाय का नाई, साहेब?”

हवालदारांनी परवानगी पुन्हा वाचली आणि मान्य केलं, की हवेत आहे.

अशा रीतीनं प्रक्षेपण सुरू झालं. एकच अडचण होती. मोबाईल बारा फुटांवर गेल्यामुळे पडद्यावर काय दिसतंय, लोक खाली काय लिहितायत, यातलं मला काहीच कळत नव्हतं. पण मी म्हटलं, मैदान आपल्यासमोर आहे, माईक आपल्या कॉलरला आहे, पडदा कशाला हवा?

पहिलं पथक आलं. मी निवेदन सुरू केलं. पथकाचा इतिहास सांगितला, त्यांचा जुना ताशेवाला का गेला ते सांगितलं, ढोलांची ओळ जराशी पुढे पळतेय हे दाखवून दिलं. दुसऱ्या पथकानं मोबाईलचं व्यसन सादर केलं. त्यावर मी पाच-सहा मिनिटं परखड बोललो. मध्ये धरमसिंग कोणीतरी ओळखीचं दिसलं की “राम राम” म्हणत वळायचे आणि त्यांच्याबरोबर वेळूही वळायचा. त्यांच्याशी माझ्या चार खासगी गोष्टीही झाल्या. प्रमुख पाहुण्यांचं भाषण किती लांबलं, त्यांच्या डोक्यावरचे केस कुठून आले असावेत, आणि आरतीचा हट्ट धरलेल्या इंदूबाईंचा आवाज ऐकला तर देवी दसऱ्याआधीच का उठून जाईल, वगैरे. ढोलांचा दणदणाट एवढा होता, की मला वाटलं माझं मलाही ऐकू येत नाहीये.

पाऊण तास झाला. मी रंगात आलो होतो. तेवढ्यात धरमसिंगच्या खिशातला बटणांचा फोन वाजला. त्यांचे दोन्ही हात वेळूला, म्हणून मीच काढून कानाला लावला.

कोकिळा होती. “आयका. ढोल कोठी हाय?”

“कुठं म्हणजे? समोर वाजतायत!”

“इथी एकही ढोल आयकू येऊन नाई राह्यला. ताशा नाई, झांज नाई, कायीच नाई. लोक हात हलवून राह्यले, अन् निरा तुमचा एकट्याचा आवाज. लय साफ.”

“सगळं साफ?”

“सगळं. पाहुण्याचे केससुद्धा. इंदूबाई उठून गेल्या.”

मी कॉलरकडे पाहिलं. हिरवा दिवा शांतपणे लागलेला होता. आजूबाजूचा कचरा गायब! त्या अंगठ्याएवढ्या यंत्रानं माणसाचा आवाज तेवढा ठेवला होता आणि चाळीस ढोल, वीस ताशे हा गोंगाट समजून झाडून टाकला होता. एकतीस वर्षं जिला मी कला म्हणत आलो, तिला त्यानं केरात काढलं होतं. मी बटण दाबलं. दिवा निळा झाला. पुन्हा दाबलं, लुकलुकू लागला. धरमसिंग म्हणाले, “गियरमंदी नाई पडून राह्यला.” तिसऱ्यांदा दाबलं, पुन्हा हिरवा.

आणि त्याच वेळी मंचावरून घोषणा झाली. निकिताचं पथक मैदानात येत होतं.

मी घाईघाईनं वेळू खाली घ्यायला सांगितला. पलीकडून हवालदारांनी नुसतं बोट वर केलं. धरमसिंगनी वेळू पुन्हा उभा केला. हातातला फोन परत वाजला. या खेपेला उकंडाभाऊ. शीलानं कोकिळेकडून नंबर घेतला होता.

“इठ्ठल, आली का पोरगी?”

“आली, भाऊ. पण आवाज... माझ्याकडून घोटाळा झाला. या फोनातूनही ढोलांची नुसती घरघर येईल. तुम्हाला काहीच ऐकवू शकत नाही मी.”

“काहून नाई? पाऊन तास झाला तुले आयकून राह्यलो ना मी.” ते शांतपणे म्हणाले. “तू वाजव. तोंडानं. मले बोल सांग.”

“मी?”

“एकतीस वर्स आयकलं ना तू? मंग काढ आता बाहेर.”

मैदानात साठ जण रांगेत उभे. पुढे निकिता, कमरेला ताशा, डोळे खाली. तिनं ताशावर काडी टाकली आणि मी तोंड उघडलं.

“तड तड तडाड, धूम. तड तड तडाड, धूम. भाऊ, हा तुमचाच हात आहे! तुमचीच जुनी चाल, जशीच्या तशी! तडतड तडतड तडाड, धूम धूम!”

“हाव,” पलीकडून आवाज आला. “चालू ठेव.”

आजूबाजूचे लोक माझ्याकडे वळून पाहू लागले. एकसष्ट वर्षांचा, पांढऱ्या सदऱ्यातला, सेवानिवृत्त वरिष्ठ सहायक भर बाजारात एका हातात फोन धरून, दुसरा हात हवेत मारत ताशा वाजवत होता. एका बाईनं आपल्या लेकराला माझ्यापासून बाजूला घेतलं. पण खरं सांगतो, मला लाज वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी वाजवत होतो, आणि चांगलं वाजवत होतो.

निकितानं चाल चढवली, मीही चढवली. तिनं ढोलांची ओळ दोन बाजूंना फोडली, मी डावीकडचे ढोल घशातून आणि उजवीकडचे गालातून काढले. मग एकाएकी तिनं चाल मोडली. उकंडाभाऊंची ती सरळ, धावती चाल ती हळू करत गेली. हळू, अजून हळू, जणू थकलेला माणूस घराकडे चाललाय. एकेक ढोल गळत गेला. शेवटी साठही जणांनी काड्या डोक्यावर धरल्या आणि तसेच उभे राहिले.

कोणीच वाजवेना.

मला वाटलं, आता वाजवतील. वाजवेनात. पुढचे मोबाईल हळूहळू खाली आले. फुगेवाला पिपाणी तोंडात धरून तसाच राहिला. माझंही तोंड उघडंच होतं, पण त्यातून काही निघेना.

“इठ्ठल? फोन कटला का?”

“नाही, भाऊ.” मी कुजबुजलो.

“मंग थांबला काहून? बोल ना!”

“थांबलो नाही. कोणीच वाजवून नाही राहिलं. काड्या वर आहेत.”

“अन् लोकं?”

“लोकही गप्प.”

“किती लोकं हायेत?”

“असतील चार हजार.”

म्हातारा स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला, “चार हजार लोकं गप्प. माह्या ताशावर लोकं नाचले, भांडले, एक डाव तं लगन मोडलं. पन गप्प कधी नाई बसले रे, इठ्ठल.”

माझा माईक दिवसभरात एवढी एकच गोष्ट, ही शांतता, जशीच्या तशी पोहोचवत होता.

मग निकितानं काड्या कमरेला खोचल्या आणि नुसत्या बोटांनी ताशावर ती चाल पुन्हा सुरू केली, पाऊस पत्र्यावर यावा की नाही याचा विचार करत असावा तशी. मी ती बोटं कशीबशी तोंडानं काढली. कशी काढली ते मला आठवत नाही. मग मागच्या सगळ्यांच्या काड्या ढोल-ताशांवर एकदम पडल्या, मैदान फुटलं, आणि माझा आवाजही. पुढचं सगळं मी खोकत वाजवलं.

निकिताच्या पथकाला दुसरा नंबर मिळाला. पहिला मोबाईलच्या व्यसनाला. परीक्षकांबद्दल माझं मत मी हिरवा दिवा काढून खिशात टाकल्यावरच मांडलं.

निकिता घामानं निथळत आमच्याकडे आली. मी फोन तिच्या हातात दिला. चार महिन्यांनी आजोबा-नात बोलणार होते. धरमसिंगनी डोळे पुसण्यासाठी वेळू सोडला आणि माझा मोबाईल प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीमागे उतरला. पण त्या क्षणी मी तिकडे पाहिलं नाही.

फोनमधून खणखणीत आवाज आला. “तिसऱ्या फेऱ्याले एक काडी कमी पडली तुह्यी!”

निकिता क्षणभर गोंधळली. मग गर्दीत फोन धरून तोंडानं वाजवणारा मी तिला आठवलो असावा, कारण माझ्याकडे पाहून तिला हसू आवरेना. “आबाजी, थे म्या नाई, काकानं खाल्ली!”

एकतीस वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या होत्या. माझी चूक मारेगावहून, खाटेवरून, फोनवर पकडली गेली. मी बाजू मांडायचा प्रयत्न केला, की त्या जागी मला श्वास घ्यायचा होता. “ताशेवाला श्वास हातानं घेतो काय?” असं उत्तर आलं.

घरी आल्यावर मी आधी इंदूबाईंकडे गेलो आणि दारात उभं राहून त्यांची अख्खी आरती, पाचही कडव्यांसह, ऐकली. त्यांनी चहा दिला नाही. बरोबरच होतं.

पुढच्या रविवारी निकिता ताशा घेऊन मारेगावला निघाली. मी न विचारता सोबत गेलो. बसमध्येच तिनं मला बजावलं, “काका, तुम्ही कायी वाजवाचं नाई.” शीलानं खाट अंगणात काढली होती आणि ती स्वतः उशाशी बसली होती. उकंडाभाऊ उशांना टेकून बसले होते, धुतलेला सदरा घालून. त्यांनीही मला पाहताच ओठांवर बोट ठेवलं.

निकितानं सुरुवात केली. तीच धावती चाल, तीच मोडत गेलेली. एकट्या ताशावरही ती तशीच थकत गेली, थांबली. काड्या वर.

शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाया थांबल्या. मी श्वास धरला. निकितानं पुन्हा वाजवायला हात खाली आणायला सुरुवात केली, तेवढ्यात म्हाताऱ्यानं एक बोट उचललं. थांब.

ती थांबली. हात तसेच अर्ध्यावर. नात आजोबांच्या बोटाकडे पाहत होती आणि आजोबा कुठंच पाहत नव्हते, नुसते ऐकत होते. मला वाटलं, आता. मग वाटलं, आता. दोन्ही वेळा मी चुकलो.

त्यांनी बोट खाली सोडलं. ताशा कडाडला.

अंगणात आम्ही तीनच ऐकणारे होतो, आणि मी तोंड मिटून बसलो होतो.